कागदावरच्या कापसाला सरकी नसते
(उझबेकिस्तानच्या सरकी-उत्पादनाविषयी : प्रस्तावना)

उझबेक घरात पलोव शिजणार आहे, हे आधी वासावरून कळते. 'कोझोन' नावाच्या जाड लोखंडी कढईत तेल ओततात आणि जाळ मोठा करतात. तेल धूर सोडू लागेपर्यंत घाई करायची नाही. मधे टाकलाच तर एखादा सोललेला अख्खा कांदा, नाही तर हाडाचा तुकडा. तो करपून काळा झाला की काढून टाकायचा. सरकीच्या तेलाला एक उग्र, कडसर वास असतो आणि तो या धुराबरोबर निघून जातो, असा घरोघरचा अनुभव आहे. मग कांदा, मांस, पिवळी गाजरे, जिरे आणि सगळ्यात शेवटी तांदूळ. हा देश जगाला कापसाचा देश म्हणून ठाऊक आहे. त्याच्या चुलीपर्यंत मात्र कापसातली सरकी पोचली. रुई रेल्वेने रशियातल्या इवानोवोच्या गिरण्यांकडे आणि पुढे जगाच्या बाजारात गेली. सरकी घरी राहिली.

या घरी राहिलेल्या सरकीचा माग काढणे, हा या पुस्तकाचा विषय आहे. उझबेक भाषेत कापसाला 'पाख्ता' म्हणतात आणि सरकीला 'चिगित'. पाख्ताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देशाच्या राजचिन्हात गव्हाच्या ओंब्यांसमोर कापसाची फुटलेली बोंडे आहेत. चहाच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर 'पाख्ता गुल' ही बोंडांची नक्षी आहे. ताश्कंदच्या मेट्रोत 'पाख्ताकोर' नावाचे स्थानक आहे, म्हणजे कापूस पिकवणाऱ्याचे. चिगितच्या नावाने असे काही नाही. तरीही मला वाटते, या देशाच्या कापसाची खरी गोष्ट सरकीच जास्त प्रामाणिकपणे सांगते. तसे का, ते या प्रस्तावनेत मांडतो.

आधी वस्तूची ओळख. कापूस जिनिंगमधून निघाला की वजनाने साधारण तिसरा हिस्सा रुई मिळते आणि निम्म्याहून थोडी जास्त सरकी. उरलेले आखूड तंतू आणि कचरा. कापसाचे पीक आपण धाग्यासाठी म्हणून घेतो, पण वजनाच्या हिशेबाने ते बियांचे पीक आहे. सरकी हातात घेतली तर ती करड्या लवेत गुंडाळलेली असते. ही लव म्हणजे लिंटर. ती खरवडून काढली की तिच्यातून सेल्युलोज मिळते, आणि त्यापासून औषधी कापसापासून बंदुकीच्या दारूपर्यंत अनेक वस्तू होतात. लवेखाली टरफल, टरफलाच्या आत पिवळट गर. गर चिरून उन्हात धरला तर त्यात काळपट बारीक ठिपके दिसतात. या ठिपक्यांत गॉसिपॉल असते. ते कोंबडीला आणि माणसाला अपायकारक, पण गाई-म्हशींसारखी रवंथ करणारी मोठी जनावरे ते बऱ्याच प्रमाणात पचवतात. या गॉसिपॉलमुळेच कच्चे तेल गडद तांबूस-काळे असते. ते क्षाराने शुद्ध करावे लागते, तेव्हा कुठे ते सोनेरी होते. तेल काढून उरते ती पेंड, तिला तिकडे 'कुंजारा' म्हणतात. टरफलाचा भुसा वैरणीत मिसळला जातो. शेतातली पऱ्हाटी, म्हणजे 'गोझापोया', हिवाळ्यात घरोघरच्या चुलीत आणि तंदुरात जळते. एका झाडाने घरातले तेल, गोठ्यातले खाद्य आणि थंडीतले जळण पुरवावे, असा हा प्रकार आहे. त्यामुळे कापसाचे क्षेत्र घटते तेव्हा निर्यातीच्या तक्त्यातला एक आकडा खाली येतो, आणि त्याच वेळी खेड्यातले तेल, पेंड आणि सरपण या तिन्हींवर ताण येतो.

हे झाड तिथे इतके पसरले कसे? फरगाना खोऱ्यात आणि झेराफशान नदीच्या काठी देशी कापूस फार जुना. पण प्रमाण बदलले ते १८६० च्या दशकात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने जगातला कापूस महागला, रशियाच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्याच दशकात रशियन फौजा मध्य आशियात उतरल्या. १८६५ मध्ये ताश्कंद पडले, १८६८ मध्ये समरकंद, आणि १८७६ मध्ये कोकंदची खानशाही संपली. त्याच युद्धाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना श्रीमंत केले आणि वऱ्हाडातल्या कापसाला रेल्वेची वाट दाखवली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८८० च्या दशकात लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाचे बी तुर्किस्तानच्या, म्हणजे रशियन मध्य आशियाच्या, शेतांत रुजले आणि देशी वाण मागे पडले. १८८८ मध्ये रेल्वे समरकंदला पोचली. म्हणजे आज ज्या सरकीचा आपण विचार करतो, ती मुळात बाहेरून आणलेल्या बियाण्याची संतती आहे.

सोव्हिएत काळात या पिकाची सक्ती झाली. १९१८ मध्येच लेनिनने तुर्किस्तानच्या सिंचनासाठी ५ कोटी रुबलांच्या तरतुदीचा हुकूम काढला. १९३९ मध्ये मोठा फरगाना कालवा खोदला गेला. सुमारे १ लाख ६० हजार माणसे, कुदळ-फावडी आणि दीड महिना. या श्रमाला 'हशार' म्हणत. हा शब्द मुळात गावाने मिळून एकमेकांचे काम करण्याचा, आपल्या इर्जिकीच्या जातीचा. पुढे तो वरून आलेल्या हुकमासाठी वापरला जाऊ लागला, आणि एका चांगल्या शब्दाचे नुकसान झाले. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी शेतांकडे वळले. १९६० मध्ये सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर पसरलेला अरल समुद्र पुढच्या अर्ध्या शतकात दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. मुयनाक हे मासेमारीचे बंदर वाळूत राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यात उझबेकिस्तानात २० लाख हेक्टरच्या आसपास कापूस होता आणि जाहीर उद्दिष्ट होते वर्षाला ६० लाख टन कापसाचे.

या ६० लाख टनांपाशी सरकीची साक्ष सर्वांत मोलाची ठरते. शराफ रशीदोव्ह १९५९ पासून १९८३ मध्ये निधन होईपर्यंत प्रजासत्ताकाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते. त्यांच्या अखेरच्या वर्षांत उद्दिष्ट गाठल्याचे अहवाल मॉस्कोला जात होते. पुढे चौकशा झाल्या आणि 'कापूस प्रकरण' या नावाने ते सगळे उघडे पडले. शेतात न पिकलेला कापूस पावत्यांवर पिकत होता आणि त्याचे पैसे उचलले जात होते. कापसाची आकडेवारी इतकी फुगवता येते, कारण ती एका खात्याच्या वहीत असते. सरकीचे तसे नाही. तिला तेलगिरणीत जावे लागते, तिथे तिचे तेल निघते, पेंड निघते आणि ती पेंड कुणाचे तरी जनावर खाते. कागदावरच्या कापसाला सरकी नसते. ज्याला एखाद्या देशाच्या पिकाचे खरे माप घ्यायचे आहे, त्याने मुख्य मालाबरोबरच त्याच्या जोडमालाचाही हिशेब मागावा. या पुस्तकामागची धारणा एवढीच आहे.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा कापूस ५० लाख टनांच्या जवळपास होता. साध्या हिशेबाने सरकी २५ लाख टनांच्या वर. त्यानंतरचा प्रवास तीन टप्प्यांत पाहता येतो. पहिला टप्पा १९९० च्या दशकाचा. बाहेरून येणारा गहू महाग झाला, अन्नधान्यात स्वावलंबन हे धोरण ठरले आणि कापसाखालची मोठी जमीन गव्हाला गेली. दशक संपेपर्यंत कापूस ३०-३५ लाख टनांवर आला. दुसरा टप्पा स्थिरतेचा. २००० नंतरची सुमारे पंधरा वर्षे क्षेत्र १४ लाख हेक्टरच्या आसपास आणि कापूस बहुतेक वर्षी ३३-३५ लाख टनांजवळ राहिला. तिसऱ्या टप्प्याची सुरुवात २०१५-१६ च्या सुमारास झाली. सरकारने ठरवून १ लाख ७० हजार हेक्टर जमीन कापसातून काढून भाजीपाला, फळबागा आणि चाऱ्याला देण्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात घट याहून मोठी झाली. २०१८ मध्ये पाण्याची टंचाई त्यात मिळाली आणि कापूस २३ लाख टनांवर घसरला, म्हणजे सरकी १२ लाख टनांच्या आसपास. स्वातंत्र्याच्या वेळच्या निम्मी. पुढे तो पुन्हा चढला. २०२० मध्ये ३० लाख टन ओलांडले आणि २०२२ मध्ये ३५ लाखांच्या घरात पोचला. तेही सुमारे १० लाख हेक्टरांवर. १९८० च्या दशकाच्या तुलनेत जमीन निम्मी झाली, पण उत्पादन त्या मानाने टिकले. या एका ओळीमागे वाण, पाणी, मजुरी आणि मालकी यांची मोठी उलथापालथ आहे.

मालकीचा प्रश्न सर्वांत कळीचा म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहू. स्वातंत्र्यानंतरही जमीन सरकारची राहिली. शेतकऱ्याने किती हेक्टर कापूस लावायचा आणि किती टन घालायचा, हे वरून ठरे. भाव सरकारचा, जिनिंग सरकारच्या हाताखालची, तेलगिरण्यांना सरकीचे वाटपही वरूनच. शेतकरी कापूस घालून मोकळा होई. त्याच्या मालातल्या निम्म्याहून अधिक वजनाला, म्हणजे सरकीला, बाजारात काय भाव आहे हे त्याच्या पावतीवर उमटतच नसे. थोडे तेल आणि थोडी पेंड ठरावीक दराने परत मिळण्याची सोय होती, आणि खेड्यात तिची किंमत पैशाहून जास्त होती. महाराष्ट्राने १९७२ पासून जवळपास तीन दशके एकाधिकार कापूस खरेदी योजना पाहिली. त्यामुळे एकच खरीददार असण्याचा अर्थ इथल्या शेतकऱ्याला समजतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की इथे काय पेरायचे हे शेतकरी ठरवत होता.

वेचणीची सक्ती तर शेतकऱ्यापुरती थांबली नाही. शरद ऋतूत शाळा-महाविद्यालये ओस पडत. मुले, शिक्षक, परिचारिका, डॉक्टर शेतांत उतरवले जात. थंडी लवकर पडली तर न उमललेली बोंडे, 'कोराक', पोत्यांनी घरी आणून रात्री बोटांनी फोडावी लागत. अशा कच्च्या बोंडातली सरकी हलकी असते. तिच्यात तेल कमी भरते आणि जे निघते त्यात आम्लता जास्त असते. म्हणजे सक्तीने टनांची बेरीज वाढली, पण गिरणीत तेलाचा उतारा पडला. या सक्तीच्या मजुरीमुळे जगभरच्या ३०० हून अधिक कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला. लहान मुलांना शेतात नेणे आधी थांबले. सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष शौकत मिर्झियोयेव यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सक्तीच्या मजुरीचा उल्लेख केला आणि त्याच हंगामात विद्यार्थ्यांना शेतांतून परत बोलावले गेले. वेचणीची मजुरी वाढली. २०२१ च्या हंगामात सरकारकडून होणारी पद्धतशीर सक्ती आढळली नाही, म्हणून मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. हे सहजासहजी झाले नाही. स्वतःच्या देशात धोका पत्करून शेतांवर जाणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या उझबेक कार्यकर्त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचे ते फळ आहे. उत्पादनाच्या प्रत्येक आलेखात त्यांचे ऋण मानले पाहिजे.

२०२० मध्ये सरकारी खरेदीची सक्ती रद्द झाली आणि 'क्लस्टर' पुढे आले. एका खासगी कंपनीने शेतकऱ्याला बी, खत आणि उचल द्यायची, कापूस घ्यायचा, जिनिंग करायची, सूत काढायचे. कच्ची रुई परदेशी पाठवणे जवळपास थांबले आणि सूत-कापड जाऊ लागले. सरकीही आता क्लस्टरच्या हातात आली. कुणी स्वतःचे तेलघाणे टाकले, कुणी ती गिरण्यांना विकू लागले. पण बहुतेक ठिकाणी एका तालुक्याला एकच क्लस्टर मिळाले, म्हणजे शेतकऱ्यापुढे पुन्हा एकच खरीददार आला. सरकारच्या जागी कंपनी आली, एवढ्याने सरकीचा भाव शेतकऱ्याच्या पावतीवर येत नाही. त्याला दुसऱ्या दारी जाण्याची मोकळीक मिळेल तेव्हाच तो येईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकीचे दुसरे रूप बियाण्याचे. तिचा अगदी थोडा हिस्सा पेरणीसाठी ठेवला जातो, पण पुढच्या वर्षाचा सारा भार त्याच्यावर असतो. उझबेक शेती प्रामुख्याने सरळ वाणांची आहे. निवडलेल्या शेतातली सरकी वेगळी जिन करायची, तिची लव काढायची, औषध चोळायचे आणि एप्रिलमध्ये पुन्हा मातीत घालायची. विसाव्या शतकाच्या मध्याला '१०८-एफ' या वाणाने मोठे क्षेत्र व्यापले होते. पुढे मर रोगाने शेते वाळू लागली तेव्हा सादिक मीरअहमदोव्ह यांनी मेक्सिकोच्या रानटी कापसाशी संकर करून 'ताश्कंद-१' काढला आणि पीक वाचवले. अलीकडे इब्रोहिम अब्दुरहमोनोव्ह यांच्या गटाने एका जनुकाचे काम मंदावून 'पोर्लोक' मालिकेतले लवकर येणारे, चांगल्या धाग्याचे वाण तयार केले. बोंडअळीसाठी तिथे बीटी कापूस पसरला नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या जैविक प्रयोगशाळांत ट्रायकोग्रामा आणि ब्रॅकॉन हे परोपजीवी कीटक वाढवून शेतांत सोडण्याची सोव्हिएत काळापासूनची पद्धत तिथे आजही टिकून आहे. २००२ पासून बीटी संकरित बियाण्यावर आणि दरवर्षी नव्या पाकिटावर अवलंबून राहिलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने हा भाग सावकाश वाचावा. तिकडची कडाक्याची थंडी अळीचा जोर आटोक्यात ठेवते, ती सोय आपल्याकडे नाही, हेही वाचताना लक्षात ठेवावे.

पाणी आणि मीठ यांच्याविना हा विषय पुरा होत नाही. काराकल्पाकस्तान आणि ख्वारझम या भागांत हिवाळ्यात जमिनीवर पांढरी साय दिसते, ती क्षाराची. पेरणीआधी शेतात पाणी कोंडून तो क्षार खाली धुवावा लागतो. म्हणजे पीक उगवण्याआधीच नदीचा मोठा वाटा खर्च होतो. अलीकडे ठिबक झपाट्याने वाढते आहे. तरीही ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी सरकी कमी आणि सूर्यफूल तेलाची आयात जास्त, हे समीकरण अजून सुटलेले नाही. चुलीवरच्या कोझोनमध्ये आता रशिया-कझाकस्तानकडून आलेले सूर्यफूल तेलही ओतले जाते.

आकडे वाचताना एक सावधगिरी. उझबेक कागदपत्रांत 'कापूस' म्हणजे सरकीसकट कापूस, तोही टनांत. अमेरिकी कृषी खाते रुईच्या गाठी मोजते आणि त्यांची गाठ सुमारे २१८ किलोची. आपली गाठ १७० किलोची. कुणी पेरणीचे वर्ष धरतो, कुणी ऑगस्ट ते जुलै. सरकीचा आकडा तर बहुतेक वेळा मोजलेला नसतो, कापसावरून काढलेला असतो. म्हणून या पुस्तकात जिथे हिशेबाने काढलेला आकडा आहे तिथे तसे म्हटले आहे. अशा आकड्याला 'सुमारे' हा शब्द लावून वाचावा. उगाच नेमकेपणाचा आव आणण्यापेक्षा हे बरे.

मराठी माणसाने इतक्या लांबच्या सरकीचा विचार का करावा, याचे उत्तर अकोला किंवा यवतमाळच्या बाजारात उभे राहिले की मिळते. आपल्याकडे सरकी आणि पेंडेचे भाव चढले की कापसाला दोन पैसे जास्त मिळतात, उतरले की कापूस पडतो. हे शेतकऱ्याला आणि जिनिंगवाल्याला रोज कळते. पण कापसाच्या चर्चेत आपण धाग्याची लांबी, गाठींची संख्या आणि निर्यात यांपलीकडे क्वचित जातो. उझबेकिस्तानचे उदाहरण सांगते की निम्म्याहून जास्त वजनाचा हिशेब ज्याला विचारता येत नाही, त्याच्या हातात पिकाची मालकी पूर्ण आलेलीच नसते.

वाचकांना विनंती इतकीच, की पुढची प्रकरणे वाचताना तक्त्यातला रुईचा रकाना पाहून थांबू नका. शेजारचा सरकीचा रकानाही पाहा. आणि पुढच्या हंगामात आपला कापूस विकाल तेव्हा, त्यातल्या सरकीला आज काय भाव आहे, हे काट्यावरच विचारा.